१०-१२ तासांचं स्मोकिंग : कोळसा आणि पाण्याचं गणित कसं बसवायचं?

गिट्टीखदानकर | शुक्रवार, रात्री ९:५२

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १८ इंची उभा कोळशाचा स्मोकर (मंद धुरावर भाजायची भट्टी) आहे. तळाला कोळशाचं कडं, मध्ये पाण्याची परात, वर दोन जाळ्या आणि घुमटासारखं झाकण. कोंबडी, रोहू, पनीर असे दोन-तीन तासांचे प्रकार आरामात होतात. आता डिसेंबरात काटोल रोडला साळ्याच्या शेतावर सगळे जमणार आहेत आणि फर्माईश आहे डुकराच्या खांद्याची. हाडासकट साडेतीन किलोच्या जवळपास. सोबत बोकडाची एक रान (मांडी). म्हणजे पहाटे पेटवायचं आणि संध्याकाळी वाढायचं.

अडचण अशी की चौथ्या तासाच्या आसपास स्मोकर मनाचा राजा होतो. ११० अंश सेल्सियसवर शांत बसलेला तापमानाचा काटा एकदम १५० कडे पळतो. खालची भोकं बंद केली की तासाभरात ९० वर येतो. मग कोळसा टाका, पांढरा धूर सोसा, परत तेच. कोळसा विझत आल्यावर टाकायचा की त्याआधी? पेटलेला की कच्चा? परातीत पाणी किती, गार की गरम? आणि परातीत वाळू भरणारे शहाणे की पाणीवाले?

तर्रीबाज | शुक्रवार, रात्री १०:०५

दहा घंटे? इतक्या वेळात आमच्याकडं बोकड कापून, रस्सा होऊन, लोकं जेवून झोपून पण उठतात बे भाऊ. सावजीत घेऊन जा पाव्हण्यांना, भिवापुरी मिरचीचा धूर कानातून निघते. तोच खरा स्मोकर.

(मस्करी करून राहिलो. धागा वाचतोय.)

निखारा | शुक्रवार, रात्री १०:४०

गिट्टीखदानकर, काटा १५० कडे पळतो तेव्हा परातीत पाणी असतं का?

गिट्टीखदानकर | शुक्रवार, रात्री १०:४८

तळाला असेल थोडं. सुरुवातीला दोन-अडीच लिटर टाकतो. दार उघडलं की उष्णता जाते म्हणून मध्ये बघत नाही.

निखारा | शुक्रवार, रात्री ११:३०

मग दुखणं तिथंच आहे. परातीतल्या पाण्याने मांस ओलं राहतं असं सगळे सांगतात. थोडंफार खरंही आहे, पण पाण्याचं मुख्य काम ते नाही. पाणी हा ब्रेक आहे. पाणी कितीही तापवा, १०० च्या वर जात नाही (नागपूर समुद्रसपाटीपासून तीनेकशे मीटर उंचावर, म्हणजे आपल्याकडे ९९ धरा). निखाऱ्यांची जी उष्णता थेट वर गेली असती, तिच्यातली बरीचशी परात पिते आणि वाफेवाटे घालवते. पाणी संपलं की हा खर्च थांबतो, कोळसा मात्र तेवढ्याच जोमाने जळत असतो. काटा पळणारच. वर कोरड्या परातीत टपकलेली चरबी करपायला लागते आणि तो कडवट धूर मांसाला बसतो.

आता तुम्ही भोकं बंद करता. त्याचा परिणाम दिसायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तेवढा धीर धरवत नाही, म्हणून आणखी बंद करता. कोळसा गुदमरतो, मग तुम्ही दार उघडून नवा टाकता, दारातून भसकन हवा शिरते. तुमचा झोका असा तयार होतो.

लांबच्या स्मोकिंगला कोळसा मध्येमध्ये टाकायची वेळच येऊ नये अशी मांडणी करा. कडं कच्च्या कोळशाने काठोकाठ भरा, मधोमध थोडा खळगा ठेवा. चिमणीत (कोळसा पेटवायचा उभा डबा) वीस-पंचवीस ब्रिकेट (दाबून केलेल्या कोळशाच्या वड्या) पूर्ण पेटवून, वर राखेची पांढरी साय आली की त्या खळग्यात ओता. वरून पेटलेले, खालून आणि बाजूने कच्चे. आग हळूहळू आतून बाहेर सरकत जाते. जिम मिनियन नावाच्या अमेरिकी स्पर्धकामुळे ही पद्धत त्याच्याच नावाने प्रसिद्ध झाली. लाकडाचे तीन-चार मुठीएवढे तुकडे कोळशातच पुरून ठेवायचे, म्हणजे आग त्यांच्यापर्यंत पोचेल तसा एकेक धुरेल.

वरचं भोक कायम पूर्ण उघडं. हे कितीही मोह झाला तरी बंद करायचं नाही, आत कोंडलेला धूर मांसावर काळा, जिभेला झोंबणारा थर धरतो. ताबा ठेवायचा तो फक्त खालच्या भोकांनी. काटा ९५ वर आला की तीनपैकी दोन जवळजवळ बंद करा, तिसरं अर्धं. चढलेलं तापमान खाली आणणं फार जिकिरीचं, खालून वर नेणं सोपं.

पाणी: सुरुवातीलाच उकळतं टाका आणि परात पाऊण भरा. तुमच्या आकाराच्या स्मोकरला दोन लिटर म्हणजे काहीच नाही. पाच लिटर तरी असू द्या. चौथ्या तासाला परात बघायचीच, मग काटा काहीही सांगो.

उकाडा | शनिवार, सकाळी ७:१५

निखारा यांच्याशी सहमत, फक्त एक आकडेमोड जोडतो, कारण पाणी फुकट नाही हे कोणी सांगत नाही.

२५ अंशांवरचं एक लिटर पाणी उकळीपर्यंत न्यायला ७५ किलोकॅलरी लागतात. त्याची वाफ करायला आणखी ५४०. एकूण ६१५. चांगल्या लाकडी कोळशात किलोमागे साधारण ७००० किलोकॅलरी. म्हणजे एक लिटर पाणी उडवायला नव्वदेक ग्रॅम कोळसा, तोही सगळी उष्णता पाण्यालाच मिळाली तर. प्रत्यक्षात निम्मीअधिक वरच्या भोकातून जाते. दिवसभरात पाच लिटर उडालं तर किलोभर कोळसा निव्वळ वाफेपायी गेला समजा. कोळसा किती भरायचा हे ठरवताना हा हिशेब हवा.

याच आकड्यांवरून आणखी एक कळतं. पाणी गरम टाकलं काय आणि गार टाकलं काय, एकूण खर्चात फार फरक नाही, ६१५ मधले ७५. खरा खर्च वाफेचा. पण गार पाणी तो ७५ चा वाटा एकदम मागतं, म्हणून काटा पडतो आणि अर्धा तास वर येत नाही. मध्ये भर घालताना म्हणून उकळतंच हवं.

दुसरं, ऋतू. नागपुरात मे महिन्यात बाहेर ४५ असतं, डिसेंबरात पहाटे १०-१२. आत ११२ ठेवायचं तर मे मध्ये फरक ६७ चा, डिसेंबरात १०० चा. स्मोकरच्या अंगातून जाणारी उष्णता या फरकाच्या प्रमाणात असते, म्हणजे थंडीत दीडपट. शेतावर वारा असला तर त्याहून जास्त. कोंबडीवेळी उन्हाळ्यात जो अंदाज बसला असेल तो डिसेंबरात धरू नका.

सावजी_सून | शनिवार, सकाळी ९:०२

मी वाळूवाली. परातीला आतून फॉइल, त्यात धुतलेली कोरडी वाळू, वरून परत फॉइल. दार उघडायचं नाही, झारी घेऊन धावायचं नाही, कोळसाही कमी. उकाडा यांच्याच हिशेबाने किलोभर वाचला की नाही? चरबी वरच्या फॉइलवर पडते, गुंडाळून फेकून दिली की परात स्वच्छ.

आणि मांसाच्या ओलाव्याचं म्हणाल तर आमच्याकडच्या मटणाला ओलावा मसाल्यातल्या तेलातून मिळतो. रानेला सावजी मसाला लावते, खोबरं-खसखस-दगडफूल-तेजपान सगळं भाजून वाटलेलं, तेल सढळ. वाफेच्या स्मोकरमध्ये हा मसाला मऊ, ओलसर राहतो, कड धरत नाही. वाळूवर छान खरपूस होतो.

निखारा | शनिवार, सकाळी ९:४०

ताई, मसाल्याचं पटलं. साल कुरकुरीत हवी असेल तर पाणी आडवंच येतं.

पण वाळूला शंभरची मर्यादा नाही. ती तापते आणि तापतच राहते. चढउतार मंद करते, कमाल तापमान अडवत नाही. तुमचा हात भोकांवर बसलाय म्हणून वाळू चालते. गिट्टीखदानकरांचा काटा आत्ताच पळतोय, त्यांनी वाळू घातली तर १७० ला जाऊन बसेल. आधी पाण्यावर हात बसवा, मग वाळू, असं माझं मत. आणि साडेतीन किलोच्या खांद्याला पहिले काही तास ओलसर हवा लाभते, ओल्या पृष्ठभागावर धूर चांगला धरतो.

सावजी_सून | शनिवार, सकाळी ९:५५

"आधी हात बसवा" हे सासूबाईंचं वाक्य झालं. हात काम करूनच बसतो ना.

भट्टीवाला | शनिवार, दुपारी १:२०

हिंगण्याकडे फॅब्रिकेशनचं काम करतो, ड्रमचे स्मोकर बनवून देतो. २०० लिटरच्या ड्रममध्ये कोळशाची टोपली आणि जाळी यांत दोन फुटांचं अंतर मिळतं. त्यामुळे परातच लागत नाही. चरबी थेट निखाऱ्यावर पडते, त्याचीच वेगळी चव. तळाला तीन-चार बॉल व्हॉल्व्ह बसवले की हवा नीट आवळता येते. ज्यांना पाण्याची कटकट नको त्यांनी याचा विचार करावा.

दोन सूचना, कारण लोकं काहीही आणून देतात. ड्रममध्ये आधी काय होतं ते माहीत नसेल तर तो ड्रम घ्यायचा नाही. खाण्याच्या तेलाचा घ्या, आतला रंग-लेप जाळून, घासून काढा. आणि जस्त चढवलेली जीआयची जाळी, पाईप, बादली आगीजवळ नको. जस्ताचा धूर छातीला वाईट, वेल्डिंगवाल्यांना विचारा. जाळी स्टेनलेसचीच.

गिट्टीखदानकर भाऊ, झाकणावरच्या काट्यावर भरवसा ठेवू नका. तो घुमटाच्या टोकाचं तापमान सांगतो. जाळीवर मांसापासून दोन बोटं लांब तापमापकाची वेगळी सळई ठेवा. वीस अंशांचा फरक सहज निघतो.

गिट्टीखदानकर | शनिवार, दुपारी ४:११

हे सगळं सोनं आहे. कोळसा कोणता घेऊ ते सांगा. इतवारीत एकाने "व्हाइट कोल" स्वस्तात देतो म्हटलं, आकार ब्रिकेटसारखाच.

भट्टीवाला | शनिवार, दुपारी ४:१८

नका!! तो बॉयलरचा माल आहे. सोयाबीनचं कुटार, भुसा, पऱ्हाट्या दाबून केलेला. कोळसा झालेलाच नसतो, कच्चा काडीकचरा. स्मोकरमध्ये टाकला तर फायर ब्रिगेड येईल एवढा धूर.

निखारा | शनिवार, संध्याकाळी ६:३५

आणि दगडी कोळसा तर अजिबातच नाही. वेकोलिचं (वेस्टर्न कोलफिल्ड्सचं) मुख्यालय आपल्या गावात, उमरेड-कामठीच्या खाणी हाकेच्या अंतरावर, त्यामुळे "कोळसा" म्हटलं की कोणीतरी तोच आणून ठेवतो. त्यातलं गंधक मांसात उतरतं.

बाभळीचा लोणारी कोळसा सगळीकडे मिळतो, चांगला पेटतो, पण तुकडे लहानमोठे असतात आणि पोत्याच्या तळाला निम्मा चुरा. चुरा चाळून टाकला नाही तर तो कड्याच्या जाळीत अडकून हवा अडवतो, आणि सहाव्या तासाला तुम्हाला वाटतं कोळसा संपला. संपलेला नसतो, राखेने गुदमरलेला असतो. एक लांब सळई घेऊन खालून हलकेच हलवा, राख झडू द्या. जोरात ढवळलं तर राख उडून मांसावर.

लांबच्या कामाला नारळाच्या करवंटीचे ब्रिकेट उत्तम. एकसारखे, राख कमी, खूप वेळ तग धरतात. थोडे महाग पडतात. मी तळाला ब्रिकेट आणि वर मूठभर लोणारी असं मिसळतो. पावसाळ्यातला उरलेला कोळसा असेल तर आधी दोन दिवस ऊन दाखवा, तो हवेतली ओल पितो. ओला कोळसा तडतडतो आणि पांढरा धूर सोडतो.

मध्ये भर घालावीच लागली तर काटा पडायला लागल्यावर नाही, त्याच्या आधी. चिमणीत पेटवून, राख धरलेला टाका. आणि पाणी व कोळसा एकाच वेळी, दार एकदाच उघडून. पाण्यासाठी बागेची झारी घ्या, पुढची चाळणी काढून. लांब तोटीने नेम धरता येतो. निखाऱ्यावर पाणी सांडलं की राखेचा फवारा थेट खांद्यावर.

रोडगेवाली | शनिवार, रात्री ८:५०

मी शाकाहारी, तरी वाचतेय. आमच्याकडे रोडगे करताना गोवऱ्यांचा हारा पूर्ण पेटून धूर संपल्यावरच रोडगे फुफाट्यात दाबतात. धूर असताना दाबला तर वास लागतो. तुमचा तो पांढरा धूर म्हणजे हेच ना? मग गोवऱ्याच का वापरत नाही?

निखारा | शनिवार, रात्री ९:१०

काकू, धुराचं अगदी तेच. दाट पांढरा म्हणजे अजून वेळ आहे, पातळ निळसर किंवा जवळजवळ न दिसणारा म्हणजे मांस ठेवा. गोवरी मात्र दहा तास पुरत नाही, राख भयंकर करते, आणि रोडग्याला बाहेरचा करपलेला थर झटकता येतो तसा मांसाला येत नाही.

तर्रीबाज | शनिवार, रात्री ९:२२

संत्र्याचं लाकूड चालते का? काटोलकडं जुन्या बागा तोडून राहिले, ढीग पडले आहेत. आणि परातीत पाण्याऐवजी संत्र्याचा रस टाकला तर?

निखारा | शनिवार, रात्री ९:४५

संत्र्याचं लाकूड फार सुंदर, सौम्य धूर. पण बुंधा घेऊ नका. डिंक्या रोगासाठी बागायतदार बुंध्याला बोर्डो पेस्ट लावतात, म्हणजे मोरचूद आणि चुना. वरच्या फांद्या घ्या, मनगटाएवढ्या जाडीच्या, सहा महिने वाळलेल्या. जांबाचं लाकूडही छान. कडुनिंब, निलगिरी, प्लायवूडचे तुकडे नकोत, आणि कण्हेर विषारी आहे, कुंपणाची छाटणी चुकूनही मिसळू देऊ नका. लाकूड पाण्यात भिजवून ठेवायची प्रथा आहे, तिचा उपयोग नाही. पाणी वरच्या वरच राहतं, आधी वाफ निघते आणि मग लाकूड धुरायला लागतं, एवढंच.

रस प्या. परातीतून वाफ उडते ती पाण्याची, साखर खाली करपते.

मनीषनगरची | रविवार, सकाळी १०:३०

आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीला काचा आहेत, एक काच उघडी ठेवून छोटा स्मोकर लावला तर चालेल का? धूर तर तुम्ही म्हणता तसा जवळजवळ दिसत नाही.

उकाडा | रविवार, सकाळी १०:३४

नाही. धूर दिसत नाही तेव्हाही कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो, त्याला वास नाही, रंग नाही. थंडीत बंद खोलीत शेगडी घेऊन झोपलेले लोक यानेच जातात. एक काच उघडी पुरत नाही. उघड्या गच्चीवर, सोसायटीची परवानगी असेल तर. विझल्यावरही राख दुसऱ्या दिवसापर्यंत प्लास्टिकच्या डब्यात टाकू नका.

गिट्टीखदानकर | सोमवार, रात्री ८:१५ (डिसेंबर)

मंडळी, कार्यक्रम झाला. थोडा तपशील देतो.

पहाटे पावणेपाचला पेटवलं. बाहेर काकडा. सहा किलो करवंटीचे ब्रिकेट, वर थोडा चाळलेला बाभळीचा, संत्र्याच्या फांद्यांचे चार तुकडे. वाऱ्याच्या बाजूला दोन टिनाचे पत्रे उभे केले. चुलीवर गंजात पाणी उकळत ठेवलं होतं, पाच लिटर परातीत. धूर निवळायला पाऊण तास गेला, मग खांदा खालच्या जाळीवर. झाकणाचा काटा आणि जाळीवरची सळई यांत १७ अंशांचा फरक निघाला, भट्टीवाला भाऊ!

साडेनऊला दार उघडलं, परात निम्म्याखाली होती. झारीने उकळतं पाणी भरलं. सळईवर ११४ होतं ते ११० झालं, वीस मिनिटांत परत ११३. एवढंच. पळापळ नाही.

अकराच्या सुमारास खांद्याच्या आतलं तापमान ६८ वर अडकलं आणि दीड तास हललं नाही. साळा म्हणे कोळसा वाढव. मी निखारा यांना फोन करून विचारलं.

निखारा | सोमवार, रात्री ८:२९

आणि मी सांगितलं हात लावू नका. मांसाच्या पृष्ठभागावरून पाणी उडतं, त्यातून मांस तेवढंच थंड होतं जेवढं तापतं, म्हणून अडकतं. घाम आल्यावर आपलं अंग गार पडतं तीच गोष्ट. वेळ नसेल तर फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा, वाफ आतच राहते आणि काटा चढतो. पुढचं सांगा.

गिट्टीखदानकर | सोमवार, रात्री ८:४४

साडेबाराला गुंडाळला. त्यानंतर परातीत पाणी भरलं नाही, गुंडाळलेल्या मांसाला वाफेचा काय उपयोग असा विचार केला, उरलेलं हळूहळू उडू दिलं आणि भोकं थोडी आवळली. वरच्या जाळीवर एक वाजता रान चढवली, सावजी मसाला लावून. सव्वाचारला खांदा ९४, हाड हाताने निसटलं. टॉवेलात गुंडाळून बर्फाच्या रिकाम्या कूलर-डब्यात तासभर ठेवला. रान साडेपाचला ९० वर उतरवली. कोळसा मध्ये टाकावा लागलाच नाही.

रानेचा मसाला मात्र पहिले दोन तास मऊच होता. परात कोरडी पडल्यावर शेवटी कड धरली. सावजी_सून, हा गुण तुमचा.

सावजी_सून | सोमवार, रात्री ९:०३

म्हणजे शेवटी कोरडीच परात कामाला आली! पुढच्या वेळी रान वेगळी, वाळूवर. चरबी करपली नाही का?

गिट्टीखदानकर | सोमवार, रात्री ९:१०

खांदा फॉइलमध्ये होता, रानेखाली मी एक ताटली ठेवली होती. त्यातलं तेल-मसाला साळ्याने भाकरीला लावून संपवलं.

तर्रीबाज | सोमवार, रात्री ९:१५

आमंत्रण काहून नाही आलं बे भाऊ?

भट्टीवाला | सोमवार, रात्री ९:४०

उरलेला कोळसा किती? फेकला नसेल ना.

गिट्टीखदानकर | सोमवार, रात्री ९:५२

दोन किलोच्या आत-बाहेर असेल. वरची-खालची सगळी भोकं बंद करून रात्रभर तसाच ठेवला, सकाळी चाळून पोत्यात भरला. परातीच्या तळाला चरबी थिजली होती, ती खरवडून काढून टाकली. मोरीत ओतू नका कोणी, पाईप तुंबतो.